नानांची कच्ची वही

चि. रेवा आणि चि. निखिल,

परवा रेवाचा टांझानियाहून फोन आला. तिच्याकडची हत्तीरोगाची पाहणी करोनामुळे थांबली आहे, माणसं करोनाच्या कामाला नेली आहेत आणि वरच्यांनी सांगितलं आहे की हे नंतर करू. 'नंतर' हा शब्द ऐकला आणि मला नाना आठवले. नानांसमोर कुणी 'नंतर' म्हटलं की ते खिशातून पेन काढून विचारायचे, "नंतर म्हणजे कोणती तारीख?" मी हे तुला सांगायला लागले, रेवा, तेवढ्यात आवाज तुटला. तसंही फोनवर मी भरकटते. म्हणून लिहून दोघांनाही पाठवते आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तुम्हालाही मी इंग्रजीतच लिहीत आले. पण नाना इंग्रजीत मावणार नाहीत.

नाना कुणालाही नमस्कार करत नसत. समोरच्याचा हात आपल्या हातात घेत आणि बोलता बोलता त्यांचा दुसरा हात त्या माणसाच्या कोपरापर्यंत जाई. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तिथे एक नस असते. नाना ती बोटानं चाचपून पाहत. नस जाड झाली आहे का, दाबल्यावर दुखते का, हे त्यांना दोन सेकंदांत कळे. सत्त्याऐंशी साली ते पहूरला आमची बाहेरची खोली भाड्यानं मागायला आले, तेव्हा त्यांनी आधी तुमच्या आजोबांची नस पाहिली आणि मग माझी. तुमचे आजोबा बँकेत होते. अनोळखी माणसानं बायकोचं कोपर धरलेलं पाहून ते खुर्चीतून अर्धे उठलेच. नाना शांतपणे म्हणाले, "दोघांची नस चांगली शे. भाडं किती?"

नाना सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. गाव साक्रीकडचं, धुळे जिल्ह्यातलं. बायको-मुलं तिकडेच शेतीवर, नाना महिन्यातून एकदा घरी जात. आमच्याशी आणि साहेबांशी ते शुद्ध मराठी बोलायचे. पण माया आली किंवा काळजी वाटली की त्यांच्या तोंडून अहिराणी येई, 'आहे'चं 'शे' होई. सकाळी आमच्या ओट्यावरून जाणाऱ्या कुणालाही त्यांचा एकच प्रश्न असे, "गोयी लिधी का?" म्हणजे गोळी घेतली का. ज्यांना कुठली गोळी चालू नव्हती तेही हसून "लिधी, लिधी" म्हणत. पहूरच्या बायकांची बोली वेगळी, त्यांना नानांचं बोलणं ऐकून हसू फुटायचं. नाना त्यांना हसू देत. त्यामुळे ज्यांची गोळी खरंच चालू होती, त्यांनाही चारचौघांत उत्तर देता येई.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कोंबडीचं एक पीस असे. अंगावर कुठे फिकट चट्टा दिसला की ते माणसाला डोळे मिटायला सांगत, पीस हळूच टेकवत आणि म्हणत, "जिथे लागलं तिथे बोट ठेव." चट्ट्याला पीस कळलं नाही, तर पुढची तपासणी. आमच्या शाळेत ते वर्षातून एकदा येत. मुलींना तो खेळ वाटे. सातवीच्या वर्गात एकीला गुदगुल्या होऊन अख्खा वर्ग पाच मिनिटं हसत होता. नाना पीस हातात धरून थांबले आणि हसणं संपल्यावर म्हणाले, "हसू येतंय ना? मग सगळ्यांना कळतंय. छान."

औषध तेव्हा नवीन आलं होतं. महिन्यातून एकदा लाल कॅप्सूल नानांच्या देखत गिळायची, बाकीचे दिवस घरी रोजची गोळी. लाल कॅप्सूलनं लघवी लाल होते. एक धट्टाकट्टा शेतकरी त्या दिवशी घाबरून आमच्या दारात येऊन बसला आणि बायकोला निरोप द्या म्हणाला. नानांनी त्याला चहा पाजला आणि पुढच्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवायला सुरुवात केली.

गोळी गिळवणं कठीण नव्हतं. कठीण होतं ते कुणाला न कळता गिळवणं. नाना दारात आले की त्या घराला बट्टा लागला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून नानांनी आठवडे बाजार धरला. बाजारात कुणीही येऊ शकतं. महिन्याच्या पहिल्या बाजाराला ते बांगड्या विकणाऱ्या मणियार चाचांच्या शेजारी पोतं टाकून बसत. चाचांकडे बाई बसली की तिचा हात चाचांच्या हातात असणारच, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. बांगड्या चढवता चढवता चाचा हात थोडा नानांकडे वळवत, नाना कोपर पाहत, मडक्यातून पाणी देत आणि पाण्याबरोबर गोळी जाई. पुरुषांसाठी हीच सोय पिंपळाखालच्या न्हाव्याकडे होती. नानांच्या मडक्यावर एकच पेला असे. रोगी पाणी प्यायला की नाना त्याच पेल्यानं पाणी पीत. मुद्दाम दाखवून नव्हे, त्यांना तहानच फार लागायची, असं ते म्हणत.

आता माझा भाग सांगते. नानांचं अक्षर भयंकर होतं. साहेब दर महिन्याला शेरा मारून वही परत पाठवत. शेवटी मी म्हटलं, आणा, मी पक्की वही करून देते. महिन्याचा अहवालही मीच इंग्रजीत लिहू लागले. मी पट्टीनं रकाने आखले: नाव, वय, गाव, घर, औषध सुरू केल्याची तारीख. नानांच्या कच्च्या वहीत प्रत्येक नावाच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं असे. 'चाचा'. 'न्हावी'. 'घरी नको'. 'फक्त नवऱ्याला ठाऊक'. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते गाळलं. नानांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "फार सुरेख झालं, बाई." पक्की वही आमच्या कपाटात राहिली आणि कच्ची त्यांच्या पिशवीत.

नानांनी शोधलेल्या रोग्यांपैकी एकीबद्दल मला लिहायचं आहे. तिचं खरं नाव लिहीत नाही, तिला आपण कमल म्हणू. ती शेजारच्या वस्तीतली सून होती, विशीतली. ती नानांना सापडली कापसाच्या शेतात. वेचणीच्या वेळी नाना बांधावरून चालले होते. बायका बोंडं वेचत होत्या, बोलत होत्या. एकीच्या ओटीतल्या पांढऱ्या कापसावर रक्ताचे ठिपके पडत होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. वाळलेल्या बोंडाचं टोक बोटात घुसलं होतं. दुसरी कुणी असती तर हात झटकून ओरडली असती. नाना तिथे थांबले नाहीत. पुढे जाऊन विहिरीवर तिच्या नवऱ्याला गाठलं आणि त्याच्याशी विड्या, पाणी, बैल यांवर अर्धा तास बोलून मग मुद्द्यावर आले. नवऱ्यानं एकच अट घातली, आईला कळता कामा नये. घरात लग्नाची बहीण होती.

दीड वर्ष कमल दर महिन्याला बांगड्या भरायला येत राहिली. सासू म्हणे, हिला बांगड्यांचं फार वेड. चट्टे फिके होत चालले. मग चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात तिचं उजवं कोपर दुखायला लागलं. औषध चालू असतानाही कधी कधी नस सुजते. नानांनी तिला नवऱ्याबरोबर जळगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या. त्या दर पंधरा दिवसांनी थोड्या थोड्या कमी करायच्या असतात, मध्येच तोडायच्या नसतात. तोडल्या तर हात वाकडा होतो आणि वाकडा झालेला हात मग सहसा सरळ होत नाही. हे नानांनी मला एवढ्यासाठी सांगितलं की कमल आता दर पंधरवड्याला येणार होती आणि बांगड्यांचं निमित्त तेवढं पुरणार नव्हतं. मग ती शिवणाचा नमुना विचारायला आमच्या घरी येऊ लागली. तिला शिवण खरंच चांगलं येत होतं.

सप्टेंबर संपता संपता सुरतेत प्लेग असल्याची बातमी आली. आपल्याकडची कितीतरी माणसं सुरतेला गिरणीत आणि हिऱ्यांच्या कामावर. ती गाड्या भरभरून परत यायला लागली. गावात जो तो तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागला. प्लेगवर चालते म्हणून ज्या कॅप्सूलचं नाव छापून आलं, ती दोन दिवसांत दुकानांतून संपली. आमच्या समोरचा किराणा दुकानदार नानांच्या हाताला हात लागू नये म्हणून सुटे पैसे फळीवर ठेवायचा. तो त्या दिवशी ओट्यावर चढून आला आणि हळूच म्हणाला, "नाना, तुमच्याकडे सरकारी गोळ्यांचा डबा असतो. दोन-चार काढा ना घरच्यांसाठी."

"देतो की," नाना म्हणाले. "पण त्या गोळीला आधी कोपर दाखवावं लागतं. बाजारात, चाचांच्या शेजारी बसून."

दुकानदार उतरून गेला. नाना हसले, पण तेवढ्यापुरतंच, कारण त्याच दुपारी त्यांना हुकूम आला होता. जिल्ह्यातल्या तंत्रज्ञांनी जळगाव स्टेशनवर सुरतेच्या गाड्या तपासायला हजर व्हावं. गर्दी नको म्हणून आठवडे बाजारही बंद झाले. नानांनी साहेबांना विचारलं की माझ्या रोग्यांचं काय. साहेब म्हणाले, साथ आटोपली की बघू. नानांनी तारीख विचारली, त्यावर साहेबांनी फोन ठेवला. नाना पिशवी घेऊन संध्याकाळच्या एसटीनं गेले. कच्ची वही पिशवीत होती. जाताना मला म्हणाले, "कमल आली तर हा पुडा द्या." कमल आली, पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन गेली. म्हणाली, "बाजार कधी भरीन, बाई?" मला माहीत नव्हतं.

दहा दिवसांनी तालुक्याहून एक जीप आली. नानांच्या जागी तात्पुरते नेमलेले गृहस्थ, पन्नाशीचे, कामाला चोख. त्यांच्याकडे औषधं होती, यादी नव्हती. नानांची वही कुठे असेल, असं त्यांनी विचारलं. मी कपाटातून पक्की वही काढून दिली. खरं सांगते, देताना मला बरं वाटलं. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "अशी वही मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. नाव, गाव, घर, सगळं आहे." ते जीपमध्ये बसले. जीपच्या दारावर रोगाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं.

दोन दिवसांनी मणियार चाचा आमच्याकडे आले. एरवी कधी आले नव्हते. दारातच उभे राहिले. त्यांनी सांगितलं की जीप घराघरांसमोर उभी राहिली आणि नावं पुकारली गेली. कमलच्या अंगणात तिचं नाव घेतलं तेव्हा सासू धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, कमलच्या उशाखालचा गोळ्यांचा पुडा शोधला आणि उकिरड्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी घालवलं. चाचा म्हणाले, "बाई, सात बरस हम दोनों ने ये बात छुपाई. आता माझ्याकडे कोण बसणार?"

मी त्याच दिवशी शाळेत रजा टाकून जळगावला गेले. एक नंबरच्या फलाटावर टेबल मांडून नाना उभे होते. तोंडाला पंचा बांधलेला. सुरतेची गाडी नुकतीच आली होती. ताप आहे का, खोकला आहे का, कुठल्या गावाला जाणार, असं विचारत ते प्रत्येकाचा हात धरत होते, आणि सवयीनं कोपरही पाहत होते. मला पाहून आधी आनंदानं म्हणाले, "रांगेत दोन नवे सापडले, बाई. पत्ते घेतले आहेत." मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. मी सगळं सांगितलं. वही मी दिली, हेही सांगितलं.

"गाडीवर नाव होतं?"

"होतं."

"नाव अंगणात घेतलं?"

"सासूसमोर."

त्यांच्या हातात एका प्रवाशाचा हात तसाच होता. तो बिचारा आपल्याला काय झालं म्हणून घाबरून पाहत होता. नानांनी त्याला जायला सांगितलं.

"तुमचं अक्षर सुंदर आहे, बाई," ते म्हणाले. "माझं कुणाला वाचता येत नव्हतं, तेच बरं होतं."

एवढंच बोलले. त्यानंतर वीस वर्षांत त्यांनी हा विषय माझ्यासमोर काढला नाही. मी मात्र तुमच्या आजोबांना ते वाक्य इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्यांनी मला सांगू नकोस म्हटलं.

मग नानांनी तिथेच पेन काढलं. गोळ्या कधीपासून बंद, विचारलं. मी हिशेब करून तारीख सांगितली. नाना म्हणाले, "अर्ज लिहा. इंग्रजीत." मी बाकावर बसून एका दिवसाच्या सुट्टीचा अर्ज लिहिला आणि आम्ही स्टेशनातल्या साहेबांकडे गेलो. साहेब वाईट नव्हते. चार दिवसांची दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "नाना, इथे अख्ख्या जिल्ह्याचा प्रश्न आहे. तिकडे एक हात आहे."

"हो साहेब," नाना म्हणाले. "उजवा आहे."

साहेबांनी रविवार दिला.

कमलचं माहेर अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. बाई सोबत असली तर बरं दिसेल म्हणून नानांनी मला नेलं. भावानं तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. ताट वेगळं, पेला वेगळा. आम्हाला पाहून ती उठली नाही, हात पदराखाली घेतला. नाना तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचाच पेला उचलला, त्यातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "हात दखाड."

तिनं हात बाहेर काढला. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळायला लागली होती. नानांनी खिशातून पीस काढलं.

"डोया मिच."

अंगठ्यावर पीस टेकवलं, तिनं दुसऱ्या हाताचं बोट तिथे नेमकं ठेवलं. तर्जनीवर ठेवलं. मधल्या बोटावर जरा विचार करून ठेवलं. करंगळीवर पीस टेकवलं, आणि ती डोळे मिटून वाट पाहत राहिली. नाना पीस उचलून पुन्हा टेकवत होते. तीनदा. मला वाटलं मीच सांगावं, अगं, लागलं आहे. कमल डोळे न उघडता म्हणाली, "लावा ना, नाना. मी थांबली."

नानांनी पीस खिशात ठेवलं. "लावलं, बेटा," ते म्हणाले. आणि मग, "बाकीनं राखसूत." उरलेलं राखू. आणलेल्या गोळ्या त्यांनी भावाच्या हातात दिल्या, तिच्या नव्हे, आणि प्रत्येक दिवसाची गोळी भावाकडून मोठ्यानं म्हणवून घेतली.

प्लेगची भीती काही आठवड्यांत ओसरली. पहूरमध्ये कुणाला प्लेग झाला नाही. नाना परत आले, बाजार पुन्हा भरले, नाना चाचांच्या शेजारी जाऊन बसले. पहिल्या बाजाराला एकही बाई आली नाही. जीप ज्यांच्या दारात उभी राहिली होती, त्यांच्यातले काही गाव सोडून गेले होते. ते नानांना परत सापडलेच नाहीत. बाकीच्यांना गोळा करण्यात त्यांचं एक वर्ष गेलं. ते दुसऱ्या गावच्या बाजारात बसू लागले आणि पहूरचे रोगी तिथे जाऊ लागले. रेवा, साथ आली की बाकीच्या रोगांचं काय होतं, असं तू विचारलं होतंस. मी पाहिलं ते इतकंच आहे.

कमलच्या सासूकडे नाना तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी मी बरोबर होते. सासूनं ओट्यावर बसा म्हटलं नाही. ती म्हणाली, "सगळ्या गावासमोर गाडी आणली तुम्ही. आता माह्या पोरीचं लगन कोण जमवीन?" नाना म्हणाले, "गाडी आली ती आमची चूक." आमची म्हणाले. मी शेजारी उभी होते आणि मी तोंड उघडलं नाही. त्या बाईला वही कुणी दिली हे कधीच कळलं नाही. ती आता नाही.

दुसऱ्या रविवारी नाना एकटे गेले आणि पाणी मागून घेतलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी सासूचंच कोपर पाहिलं, नस चांगली आहे म्हणाले आणि बराच वेळ कापसाबद्दल बोलत बसले. बोंडं फुटली होती, मजूर मिळत नव्हते. नाना उठताना सासू मुलाला म्हणाली, "आण तिले. कापूस काय मी एकटी येचू?" दिवाळीनंतर नवरा सायकल घेऊन गेला आणि कमलला घेऊन आला.

बधिर बोटांना बोंडाची टोकं लागू नयेत म्हणून मी उशीच्या जुन्या अभ्र्यांच्या जाड टोप्या शिवल्या, बोटांत घालायच्या. त्या द्यायला कमलला घरी बोलावलं आणि तेव्हा तिला सांगितलं की वही मी दिली होती. नावं नीट दिसावीत म्हणून कडेचं सगळं मी गाळलं होतं. कमल टोप्या घालून पाहत होती. तिनं ऐकून घेतलं. मग हात पुढे करून म्हणाली, "ही घट्ट होते, बाई. एक टाका उसवा." मी उसवला.

नाना निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा पिशवीतून कच्ची वही काढून त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्यात एकही पान नव्हतं. ज्याचं औषध पुरं झालं, त्याचं पान ते फाडून त्यालाच देत आणि चुलीत घाल म्हणत, हे मला तेव्हा कळलं. जे सापडले नाहीत, त्यांची पानं शेवटपर्यंत होती. ती त्यांनी आदल्या दिवशी त्यांच्या जागी आलेल्या माणसाला दिली, पेन्सिलीच्या खुणांसकट, आणि प्रत्येक खूण त्याला वाचून दाखवली. माझ्या हाती फक्त पुठ्ठे आले. एसटीत चढण्याआधी त्यांनी माझा हात धरला, कोपर पाहिलं. नस चांगली शे म्हणाले. पुढे दर दिवाळीला त्यांचं कार्ड येई, त्याच भयंकर अक्षरात. ते वाचायला मला अर्धा दिवस लागे. सात वर्षांपूर्वी कार्डाऐवजी त्यांच्या मुलाचं पत्र आलं. नाना झोपेतच गेले, दुखणं नव्हतं.

कमलच्या नणंदेचं लग्न झालं, उशिरा, पण झालं. कमलचं औषध पुरं झालं. तिचं पान तिनं चुलीत घातलं. तिला एक मुलगा, दोन नाती. गेल्या महिन्यात ती मला भेटायला आली, दारात थांबून आधी साबणानं हात धुतले. करोनाच्या पहिल्या वर्षी तिनं मशीनवर मास्क शिवून गावात वाटले, त्यातले सहा माझ्यासाठी आणले होते. मी ते धुऊन उन्हात वाळवते आणि तारीखवार वापरते.

नानांच्या वहीचे पुठ्ठे माझ्या कपाटात आहेत. कमलच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. बाकीची आठ चालतात.

तुमची,
आजी